यासिरला सांगायचं राहिलं होतं

मी फार्मसी शिकलेली बाई. रक्तदाबाची गोळी किती वाजता घ्यायची, अचानक बंद केली तर काय होतं, हे मी लोकांना काउंटरवरून वर्षानुवर्षं सांगितलं आहे. तरी ओमदुर्मानमध्ये माझ्या स्वतःच्या गोळ्या संपत आल्या, तेव्हा मी त्या भाजीच्या सुरीने अर्ध्या करून घ्यायला लागले. नंतर पाव. पाव गोळीने काही होत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. पण गोळी घेतली असं मनाला वाटायला हवं होतं.

आधी मी कोण ते सांगते. आम्ही बेंगळुरूचेच. पणजोबांच्याही आधीपासून इथले. घरात मराठी बोलतो, पण आमचं मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे गालात हसतात, कारण त्यात निम्मं कन्नड असतं. वडिलांना अण्णा म्हणतो, मोठ्या बहिणीला अक्का. घर जे. पी. नगरला. कॉलेजात माझ्या वर्गात सुदानहून शिकायला आलेला यासिर होता. त्याच्याशी मी लग्न केलं. अण्णा भांडले नाहीत, ओरडले नाहीत. फक्त त्या दिवसापासून त्यांनी यासिरचं नाव कधी घेतलं नाही. मी फोन केला की आईच बोलायची, आणि मागे अण्णा टीव्हीचा आवाज वाढवायचे.

लग्नानंतर आम्ही ओमदुर्मानला गेलो. खार्टूमच्या समोर, नाईलच्या पलीकडच्या काठावरचं शहर. तिथे आमचं औषधांचं छोटं दुकान होतं. वर घर, घरात यासिरची आई, अर्धांगवायूने खाटेला खिळलेली. खूप वाट पाहिल्यावर मला दिवस गेले. रक्तदाब सुरुवातीपासून वरच होता, म्हणून मी जवळच्या दवाखान्यात लवकर नाव घातलं. तिथल्या डॉक्टर बाई मला दर वेळी रागवायच्या, "मीठ! मीठ!" आणि मग स्वतःच्या पिशवीतून खजूर काढून द्यायच्या.

रमजान संपत आला होता आणि लष्कर आणि निमलष्करी दलात लढाई सुरू झाली, थेट शहरातच. दवाखाना बंद झाला. डॉक्टर बाई कुठे गेल्या कुणाला कळलं नाही. आमचं दुकान लुटलं गेलं, माझ्या गोळ्यांसकट.

०

भारतीय लोकांना न्यायला बसेस निघणार असं कळलं तेव्हा मला सहावा महिना सरत होता. यासिरकडे आपल्या देशाचा व्हिसा नव्हता. असता तरी आईला तशी टाकून तो आला नसता, आणि मीही त्याला ये म्हटलं नाही. तो मला बस सुटायच्या जागेपर्यंत सोडायला आला. रस्ताभर आम्ही भिंतीच्या कडेकडेने चालत होतो. निरोप घ्यायला वेळच मिळाला नाही. त्याने माझ्या पोटावर हात ठेवला, अरबीत म्हणाला, "आईला त्रास देऊ नकोस." मग मला म्हणाला, "पोहोचलीस की लगेच डॉक्टर." एवढंच.

वाळवंटातून बंदरापर्यंतचा प्रवास फार लांबला. माझ्या शेजारी म्हैसूरकडची एक बाई होती, तिकडे जडीबुटी विकायला गेलेली. माझे पाय सुजून पावाच्या लादीसारखे झाले होते. तिने न विचारता ते आपल्या मांडीवर घेतले आणि वाटभर दाबत राहिली. नाव विचारायचं माझ्याकडून राहून गेलं.

बंदरावरून बोट, बोटीतून जेद्दा, तिथून विमान. डोकं ठणकत होतं. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. मी स्वतःला सांगत होते, थकवा आहे. पोटात बाळ शांत होतं. मी स्वतःला सांगत होते, तेही थकलं असेल.

०

बेंगळुरूला उतरले, पण घरी जाता आलं नाही. त्या देशातून येणाऱ्यांकडे पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड लागतं. माझं कार्ड ओमदुर्मानच्या कपाटात राहिलं होतं. कार्ड नसलेल्या आम्हा सगळ्यांना काही दिवसांसाठी वेगळं ठेवलं. नियम योग्यच होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या गावात माझा जन्म झाला तिथे परत आल्यावर पहिली माणसं भेटली ती मास्क लावलेली, हातभर लांबून बोलणारी.

आई आणि अक्का फाटकापर्यंत येऊन गेल्या. त्यांना आत सोडलं नाही. आईने पाठवलेला डबा माझ्यापर्यंत आला. रागी मुद्दे आणि सारू, म्हणजे नाचणीच्या उकडीचे गोळे आणि पातळ आमटी. पहिला घास घेतला आणि उलटी झाली.

तिथल्या नर्सने हाताला पट्टा बांधून रक्तदाब पाहिला. पुन्हा पाहिला. मग दुसऱ्या हाताचा. मग ती धावत बाहेर गेली. अर्ध्या तासात मी बाळंतपणाच्या मोठ्या इस्पितळात होते.

०

सोनोग्राफीच्या खोलीत थंडी होती. डॉक्टर बाई तरुण होत्या, माझ्याहून लहानच असतील. बराच वेळ त्या पोटावर यंत्र फिरवत राहिल्या. मग त्यांनी हात थांबवला आणि विचारलं, "शेवटची हालचाल कधी जाणवली?"

मी आठवायला लागले. बसमध्ये जाणवली होती. बंदरावर, रांगेत? बोटीवर? मला सांगता येईना. अजूनही येत नाही. माझं मूल कुठे गेलं, जमिनीवर की समुद्रावर, कुठल्या देशाच्या हद्दीत, हे मला कधीच कळणार नाही.

"सॉरी," डॉक्टर म्हणाल्या. "हृदयाचे ठोके नाहीत." मग त्या माझा हात धरून बसल्या. बाहेर रांग होती, तरी बसल्या. "तुमच्यासोबत कोण आहे?"

"कुणी नाही," मी म्हटलं. आई-अक्का वाटेत, ट्रॅफिकमध्ये होत्या. पण मी त्या अर्थाने म्हटलं नव्हतं. या मुलाला दोन माणसं ओळखत होती. त्यातलं एक इथे टेबलावर पडलं होतं, आणि दुसऱ्याच्या फोनला रेंज नव्हती.

रडू तेव्हा आलं नाही. मी पोटावरचं जेल पुसायला कागद मागितला.

०

मला वाटलं होतं, ऑपरेशन करून काढतील आणि मी शुद्धीवर येईन तेव्हा सगळं संपलेलं असेल. तसं नसतं. डॉक्टरांनी समजावलं की ऑपरेशनने माझ्याच जिवाला धोका जास्त, नेहमीसारखं बाळंतपणच करावं लागेल. म्हणजे कळा यायला औषध, मग कळा, मग जोर लावणं. झटके येऊ नयेत म्हणून एक इंजेक्शन दिलं, त्याने अंगात आग आग झाली, जणू कुणी शिरांमधून गरम पाणी सोडलंय. मी पंखा वाढवा, पंखा वाढवा म्हणत होते आणि माझे दात थंडीने वाजत होते. त्या काळात माझं काही खरं नव्हतं, हे मला नंतर अक्काने सांगितलं. डॉक्टरांनी अण्णांना बाजूला घेऊन, दोन्ही गोष्टींची तयारी ठेवा, असं म्हटलं होतं.

लेबर वॉर्डात पडद्यापलीकडे दुसऱ्या बायका होत्या. एकीला मुलगा झाला. तिची सासू मोठ्याने हसली, मग कुणीतरी तिला गप्प केलं. माझ्यासाठी गप्प केलं. ते मला जास्त लागलं.

मुलगी झाली. नर्सने विचारलं, बघायचंय का? आई माझ्या उशाशी होती, ती घाईने म्हणाली, "नको गे, बघू नकोस. बघितलं की जन्मभर डोळ्यांपुढनं जाणार नाही."

मी म्हटलं, "द्या."

स्वच्छ पांढऱ्या कापडात गुंडाळून तिला माझ्या कुशीत ठेवलं. एवढीशी. डोक्यावर जावळ होतं, ओलं, गच्च कुरळं, यासिरचं. पायाची बोटं लांब होती, ती आमच्या घरची. ओठ गडद झाले होते. बाकी ती झोपल्यासारखी दिसत होती. आईने एकदा पाहिलं, मग तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळली.

कुणावर अशी वेळ आली तर मी एवढंच सांगेन: बघावंसं वाटलं तर बघा. आईचं खरं आहे, डोळ्यांपुढून जात नाही. पण मला ते जायला नकोच आहे.

मग तिला न्यायला अण्णा आले. खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. लग्नानंतर मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. केस सगळे पिकले होते. काहीतरी बोलतील असं वाटलं. त्यांनी नर्सकडून ते गाठोडं घेतलं, छातीशी धरलं, आणि गेले. कुठे नेणार, कसं करणार, मी काही विचारलं नाही. माझ्यात विचारायचं त्राणच नव्हतं.

०

वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरने माझी खाट दुसऱ्याच दिवशी टोकाच्या कोपऱ्यात, गर्भाशयाच्या ऑपरेशनच्या बायकांकडे हलवली, म्हणजे बाळांचं रडणं कमी ऐकू येईल. सकाळी सहाला आया यायची, चादरी बदलायची. मग रक्तदाब, मग इडली, मग राऊंड, पुन्हा रक्तदाब. आया माझ्या ताटाकडे बघून दटावायची, "ऊटा माडम्मा, स्वल्प." जेव गं बाई, थोडं तरी. ती दिवसातून चार वेळा तेच म्हणायची आणि दुसरं काही म्हणायची नाही. त्या वॉर्डातलं तेवढंच बोलणं मला सहन व्हायचं.

बाकीचे लोक बोलायचे. भेटायला आलेली एक मावशी म्हणाली, "देव सगळं बघून करतो. आता तू मोकळी झालीस." अक्का व्हाइटफील्डहून ऑफिस सोडून रोज मेट्रोने येत होती, माझे कपडे धुवायला नेत होती. तिनेही एकदा केस विंचरता विंचरता म्हटलं, "आता इथेच राहा. तिकडे जायला काय उरलंय?"

"नवरा उरलाय," मी म्हटलं.

तिचा हात थांबला. मग ती पुन्हा विंचरायला लागली. त्यांच्या हिशेबी बाळ हा माझ्या त्या लग्नाचा शेवटचा धागा होता, आणि तो तुटला होता. त्यांना वाईट वाटत होतं, अगदी मनापासून. पण त्या वाईटात थोडी सुटकाही मिसळलेली होती. एकाच ताटातलं दुःख आम्ही वेगवेगळ्या कारणांनी खात होतो.

तिसऱ्या दिवशी छाती दगडासारखी झाली. हे कुणी आधी सांगत नाही म्हणून लिहिते: बाळ नसलं तरी दूध येतं. ते आटवायची गोळी असते, मी स्वतः विकली आहे. पण माझ्या रक्तदाबाला ती चालणार नव्हती. डॉक्टरांनी सांगायच्या आधीच मला ते माहीत होतं. घट्ट बांधायचं, थंड पट्ट्या ठेवायच्या, पिळायचं नाही आणि वाट बघायची. गाऊन पुढून भिजायचा. पलीकडच्या खोलीत एखादं बाळ रडलं की धार लागायची, कुणाचंही असलं तरी. माझ्या शरीराला अजून काहीच कळलं नव्हतं. त्यालाही सांगायला कुणी नव्हतं.

०

घरी आल्यावर एके सकाळी फोन थरथरायला लागला आणि थांबेना. यासिरचे सगळे साठलेले निरोप एकदम आले.

पोहोचलीस का. डॉक्टरकडे गेलीस का. पाय सुजतात का अजून. इथे पाणी नाही, पण विहीर आहे, काळजी करू नकोस. आईला ताप होता, उतरला. छोटं लाथा मारतं का. आज आवाज कमी आहेत. छोट्याला सांग, बाप रोज बोलतोय.

मी ते सगळे वाचले. पुन्हा वाचले. लिहिलं, "मी पोहोचले. घरी आहे. तू कसा आहेस?" त्या निरोपासमोर एकच टिक आली. दुसरी यायला बरेच दिवस गेले.

आई आणि अक्का दोघीही म्हणाल्या, आत्ता सांगू नकोस. गोळीबारात बसलाय बिचारा, सांगून काय करणार तो. त्यांच्या तोंडी 'बिचारा' मी पहिल्यांदाच ऐकलं. आणि मलाही ते फोनवर लिहून कळवायचं नव्हतं. आवाज ऐकल्याशिवाय हे कसं सांगणार? म्हणून मी थांबले. मधूनमधून रेंज आली की तो विचारायचा, मी रक्तदाबाचं सांगायची, गोळ्यांचं सांगायची. एका माणसाच्या जगात आमची मुलगी अजून वाढत होती. तो मनातल्या मनात महिने मोजत असणार. कधी कधी मला त्याचा हेवा वाटायचा.

तपासणीला गेले तेव्हा एका नव्या नर्सने ठरलेले प्रश्न विचारले. बाळाला अंगावरचं पाजताय ना? मी नाही म्हटलं. पुढचं मूल कधी हवंय, मधल्या काळात काय वापरणार? मी म्हटलं, नवरा लढाईत अडकलाय. तिने वर पाहिलं. पेन खाली ठेवलं. "सॉरी अक्का," ती म्हणाली, आणि स्वतः उठून मला पाणी आणून दिलं. आत डॉक्टर म्हणाल्या, पुढच्या वेळी अगदी सुरुवातीलाच या, औषधं पहिल्यापासून चालू करू, लक्ष ठेवू. मी मान हलवली. 'पुढच्या वेळी' हे शब्द घेऊन मी रिक्षात बसले आणि जयनगर येईपर्यंत रडले. रिक्षावाल्याने आरशात पाहिलं, गाणं बंद केलं.

०

मग एका दुपारी व्हिडिओ कॉल आला. यासिर आईला घेऊन उत्तरेकडे नाईलच्या काठच्या एका गावी, चुलत्याकडे पोहोचला होता. गालांची हाडं वर आली होती, दाढी वाढली होती. मागे खजुरीची झाडं होती आणि कुठेतरी शेळी ओरडत होती. तो हसत होता. आम्ही दोघंही नुसते एकमेकांकडे बघत होतो.

मग तो म्हणाला, "फोन जरा खाली धर. पोट दाखव."

मी फोन खाली नेला नाही. त्याने पुन्हा म्हटलं, "अगं, दाखव ना." आणि माझ्या तोंडाकडे बघता बघता त्याचं हसू थांबलं.

मी सांगितलं. मनात शंभरदा जुळवलेलं एकही वाक्य आलं नाही. "ती गेली. इथे पोहोचायच्या आधीच गेली होती."

चित्र अडकलंय की तो, हे मला कळेना. शेळीचा आवाज आला म्हणून कळलं, कॉल चालू आहे.

"ती?" तो म्हणाला. "मुलगी होती?"

"हो. केस तुझे होते."

"तू एकटी होतीस?"

"आई होती."

त्याने डोळे पुसले. मग विचारलं, "तिला कुठे ठेवलं?"

मला उत्तर माहीत नव्हतं. "अण्णा घेऊन गेले होते," मी म्हटलं. तो मान हलवत राहिला. पुढे काही विचारायचा धीर त्याला होत नव्हता, आणि काय विचारायचंय ते मला दिसत होतं. मी आतूनच हाक मारली, "अण्णा!"

अण्णा पेपर हातात घेऊनच आले. मी म्हटलं, "तो विचारतोय, तिला कुठे ठेवलं."

त्यांनी चष्मा लावला. माझ्या हातातून फोन घेतला, जरा लांब धरला, आणि बेंगळुरूच्या हिंदीत म्हणाले, "यासिर. मैं उसका बाप बोलता."

यासिर पटकन ताठ बसला.

"बच्ची को तुम्हारे लोगों के कब्रस्तान में रखा. मेरा दोस्त है नझीर, कारखाने में साथ में था. उसकी घरवाली ने नहलाया. कपड़ा नया था. नझीर ने बोला वैसा करवट पे लिटाया. नीचे मैं उतारा. मेरे हाथ से." त्यांनी खाकरून आवाज सरळ केला. "तुम नहीं था ना इधर. करके मैं किया."

पलीकडे यासिर रडायला लागला, लहान मुलासारखा, आवाज करून. अण्णांना काय करावं कळेना. ते फोन तसाच धरून उभे राहिले. मग त्यांनी विचारलं, "खाना खाया क्या?"

यासिरने मानेनेच हो म्हटलं.

"सरी," म्हणजे बरं, असं अण्णा कन्नडमध्ये म्हणाले, आणि फोन मला परत दिला.

संध्याकाळी मी त्यांना विचारलं, मला का नाही सांगितलं? आईला तरी? ते म्हणाले, "तू विचारलंस कुठे? आणि तुझ्या आईला सांगून उगीच चर्चा कशाला. मूल त्याचं होतं. त्याचं करायला त्याच्याकडचं कुणी नको होय?" मग पेपरची घडी घालत राहिले, घातलेली मोडून पुन्हा.

०

हे सगळं आता मागे पडलं, असं म्हणता येत नाही. यासिरची आई त्याच गावात वारली. तो आता कैरोत आहे, एका औषधांच्या दुकानात मदतनीस. मी जे. पी. नगरमध्ये एका दुकानात काउंटरला बसते. गरोदर बायका गोळ्या न्यायला येतात, त्यांना मी वेळा नीट समजावून सांगते, जरा जास्तच वेळ. व्हिसाचं चाललंय. रोज बोलतो. कधी कधी बोलायला काही नसतं, मग तो फोन तसाच ठेवून इस्त्री करतो आणि मी भाजी निवडते. अण्णा अधूनमधून विचारतात, "यासिरचं काय म्हणणं?" बस्स, तेवढंच. पण मधल्या खोलीतून जाता जाता का होईना, नाव घेतात.

पाऊस सरल्यावर मी त्यांना म्हटलं, मला तिथे न्या. नझीरचाचांनी तिथल्या राखणदाराशी बोलून ठेवलं. सकाळी लवकर गेलो, आत कुणी नव्हतं. कोपऱ्यात लहान मुलांची जागा होती. अण्णा पुढे झाले, एका कडुलिंबाजवळ थांबले, मग इकडे तिकडे बघायला लागले. पावसाने माती बसली होती, वर गवत आलं होतं. शेजारी शेजारी दोन लहान उंचवटे होते, दोन्ही सारखेच.

"इथेच कुठेतरी," अण्णा म्हणाले. "हे झाड होतं. हे की ते..." त्यांनी नझीरचाचांना फोन लावला. उचलला गेला नाही. पुन्हा लावायला लागले.

"असू दे अण्णा," मी म्हटलं.

मी चप्पल काढली आणि दोन्हींच्या मधे बसले. एकेक हात दोन्हींवर ठेवला. माती गार होती. अण्णा जरा लांब, पाठ करून उभे राहिले. बऱ्याच वेळाने मी उठले, फोटो काढला आणि यासिरला पाठवला. तो जागाच असावा, लगेच पाहिला.

यातली आपली कुठली, असं त्याने विचारलं नाही.